आराखड्याआधी शहर पायी फिरणारे पॅट्रिक गेडिस

इंदूरच्या होळकर दरबाराच्या छापखान्यातून १९१८ साली दोन खंडांचा एक इंग्रजी अहवाल बाहेर पडला. शहराची पुढील वाढ कशी व्हावी, हा त्याचा विषय. गटारे, नद्यांचे काठ, गिरणी कामगारांची घरे, बागा, ग्रंथालय आणि मध्य भारतासाठी एक विद्यापीठ, इतका त्याचा आवाका होता. लेखक ना अभियंता होते, ना वास्तुविशारद. ते स्कॉटलंडमधील डंडी येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. त्याआधी दोन वर्षे, १९१६ मध्ये, त्यांनी बडोदा शहराच्या विकासाचा अहवाल लिहिला होता आणि १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या तीन मोठ्या शहरांशी त्यांचा असा थेट संबंध आला. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव आजही पाठ असते. मात्र शहराचे भवितव्य ठरविण्याच्या कामात सामान्य नागरिकाचे स्थान काय असावे, याविषयी त्यांनी आयुष्यभर जो आग्रह धरला तो त्या वर्तुळाबाहेर फारसा पोहोचला नाही.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील अलेक्झांडर हे ब्लॅक वॉच या प्रसिद्ध स्कॉटिश पलटणीत होते. पॅट्रिक हे घरातील शेंडेफळ. ते लहान असतानाच कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवरील घरात राहावयास आले. वडिलांबरोबर बागेत काम करावे, टेकडीवर चढावे आणि तेथून खाली पसरलेले शहर, टे नदी व तिच्या काठची शेते न्याहाळावीत, हे त्या मुलाचे खरे शिक्षण ठरले. डोंगरमाथ्यावरचा खाणकामगार व लाकूडतोड्या, उतारावरचा मेंढपाळ, सपाटीवरचा शेतकरी आणि मुखाशी राहणारा कोळी अशी एका खोऱ्यातील सारी माणसे त्या भूमीशी आणि एकमेकांशी बांधलेली असतात, हा विचार पुढे त्यांच्या नगरशास्त्राचा पाया झाला. शहराकडे पाहताना त्याच्या सीमेवर थांबू नये, ज्या प्रदेशातून त्याला पाणी, अन्न आणि माणसे मिळतात तो सारा प्रदेश नजरेपुढे असावा, असे ते सांगत, त्याचे मूळ या टेकडीवर आहे.

एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी त्यांनी नाव घातले आणि आठवडाभरातच तो अभ्यासक्रम सोडून दिला. वाळलेल्या नमुन्यांची वर्गवारी त्यांना रुचली नाही. लंडनला जाऊन ते डार्विनचे खंदे समर्थक थॉमस हक्सली यांचे शिष्य झाले. हक्सलींच्या प्रयोगशाळेतच त्यांची प्रत्यक्ष डार्विन यांच्याशी गाठ पडली. पुढे फ्रान्समधील रॉस्कॉफ येथे त्यांनी सागरी जीवांचे संशोधन केले. जीवशास्त्रज्ञ म्हणून उज्ज्वल भविष्य समोर दिसत असताना १८७९ मध्ये मेक्सिकोच्या संशोधनप्रवासात त्यांची दृष्टी गेली. अंधाऱ्या खोलीत काही आठवडे काढावे लागले. त्या अंधारात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना, त्या चौकोनांत विचारांची मांडणी करण्याची एक पद्धत त्यांना सुचली. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे कठीण झाले. जीवमात्रांचा अभ्यासक आता माणसांच्या वस्तीकडे वळला.

स्थळ, काम आणि लोक ही त्रयी त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्या विचारातून घेतली. कोणत्याही वस्तीचा विचार करताना ती कोठे वसली आहे, तेथील माणसे कशावर पोट भरतात आणि ती परस्परांशी कशी जोडलेली आहेत, हे तिन्ही एकत्र पाहावे, ही त्यांची रीत. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. नगररचनाकारानेही पाहणी पुरी झाल्याखेरीज आराखड्याला हात घालू नये, असे ते मानीत. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी शहरसुधारणा म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढणे आणि रेघेच्या वाटेत येणारी घरे पाडणे, असा रूढ अर्थ होता.

१८८६ मध्ये त्यांचा ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. एडिंबराच्या जुन्या भागाची तेव्हा पार दुर्दशा झाली होती. सुखवस्तू कुटुंबे नव्या शहरात निघून गेली होती आणि जुन्या उंच इमारतींत गरिबांची दाटी झाली होती. या नवविवाहित जोडप्याने चांगली वस्ती सोडून जेम्स कोर्ट या गलिच्छ चौकातच बिऱ्हाड थाटले. त्यांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून बोळ झाडले, भिंती रंगविल्या आणि खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. चांगल्या इमारतींची डागडुजी झाली. जेथे हवा व उजेड अगदीच कोंडला होता, तेवढीच मोडकी बांधकामे काढली गेली. विद्यार्थ्यांना जुन्या शहरात आणण्यासाठी त्यांनी वसतिगृह सुरू केले. पुढे त्यांची कन्या नोरा हिने जुन्या शहरातील ओसाड पडलेल्या मोकळ्या जागांवर लहान लहान बागा फुलविल्या. या प्रत्येक कामात ॲना त्यांच्या बरोबरीच्या भागीदार होत्या. गेडिस यांच्या डोक्यात एकाच वेळी दहा योजना चालत; त्यांतील कोणत्या पुऱ्या होणार आणि पैसा कोठून येणार, याचा हिशेब बहुधा त्याच ठेवीत.

१८९२ मध्ये त्यांनी एडिंबरा किल्ल्याजवळची एक जुनी इमारत घेतली आणि तिचे रूपांतर आउटलुक टॉवर या नावाच्या अनोख्या संग्रहालयात केले. पाहणाऱ्याने आधी अगदी वरच्या मजल्यावर जावयाचे. तेथे आरसा आणि भिंग यांच्या साहाय्याने शहराचे चालते-बोलते प्रतिबिंब एका पांढऱ्या मेजावर पडे. मग एकेक मजला उतरत एडिंबरा, स्कॉटलंड, इंग्रजी भाषकांचे देश, युरोप आणि तळमजल्यावर सारे जग. आपल्या गावापासून आरंभ करून जगापर्यंत पोहोचण्याची ही वाट होती. नागरिकाला आपले शहर आधी दिसले पाहिजे, मग त्याविषयी मत देता येईल, हा त्यामागचा हेतू.

पहिला मोठा अपेक्षाभंग १९०४ साली झाला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी आपल्या जन्मगावी, डनफर्मलिन येथे, गावाच्या उन्नतीसाठी मोठा निधी देऊन विश्वस्त मंडळ स्थापिले होते. गावच्या उद्यानाचा आराखडा करण्याचे काम विश्वस्तांनी गेडिस यांच्याकडे दिले. गेडिस यांनी उद्यानापुरते न थांबता ओढ्याच्या शुद्धीकरणापासून संग्रहालयापर्यंत साऱ्या गावाच्या भवितव्याचा ग्रंथच लिहून हातात ठेवला. विश्वस्तांनी तो बाजूस सारला. ग्रंथ आजही अभ्यासला जातो. गावात त्यातील फारसे काही उतरले नाही. पैसा मुबलक होता, विचारही उत्तम होता. तरीही ज्यांनी तो अमलात आणावयाचा त्यांना त्या विचारात आपलेपणा वाटला नाही. हा धडा गेडिस यांना पुढे इंदुरात उपयोगी पडला असावा.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये, साठीला टेकलेले गेडिस भारतात यावयास निघाले. देशोदेशींच्या शहरांचे नकाशे, चित्रे आणि प्रतिकृती यांचे त्यांचे प्रदर्शन युरोपात गाजले होते. १९१३ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. हे सारे साहित्य वेगळ्या जहाजाने येत होते. महायुद्ध पेटले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात ते जहाज बुडविले आणि वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्रतळाशी गेला. मित्रांनी मायदेशी धावपळ करून नवे साहित्य जमविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन उघडलेही.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांनी भारतातील शहरांवर सुमारे ५० अहवाल लिहिले. मदुराई, तंजावर, लखनौ, बलरामपूर, बडोदा, इंदूर अशी ती मालिका आहे. त्यांची काम करण्याची पद्धत अधिकाऱ्यांना चक्रावून टाकी. पहाटे उठून ते पायी निघत. बोळाबोळांतून हिंडत, विहिरी, पार, देवळे, तलाव आणि अंगणे पाहत. हातातील नकाशावर प्रत्येक झाडाची व प्रत्येक मोकळ्या तुकड्याची नोंद करीत.

त्या काळातील प्रचलित रीत कोणती होती, हे मुंबईच्या उदाहरणावरून कळते. १८९६ मध्ये तेथे प्लेग उद्भवला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले की हवा खेळेल आणि रोग हटेल, अशी समजूत होती. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते त्यातूनच निघाले. ज्यांची घरे पाडली गेली ते गरीब शहर सोडून गेले नाहीत. ते शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरले आणि एका आळीतील गर्दी दुसऱ्या आळीत गेली. गेडिस यांनी अशा सरसकट पाडकामाला विरोध केला. शल्यचिकित्सक जसा रोगट भाग तेवढा काढून उरलेले शरीर जपतो, तसे शहराचे करावे, असा त्यांचा उपाय होता. एखादे पडके घर काढावे, तेथे चौक मोकळा करावा, झाड लावावे, बोळ थोडा वळवावा, बाकीची वस्ती जागच्या जागी राहू द्यावी. खर्च कमी, माणसांची फरफट कमी आणि शेजारही टिकून राहतो. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्यालाही ते राजी नसत. तलाव स्वच्छ ठेवा, त्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडा, असे ते सांगत.

याच काळात त्यांच्यावर दोन आघात झाले. १९१७ च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समधील रणांगणावर मारला गेला. तेव्हा ॲना भारतात आजारी होत्या. त्यांच्या प्रकृतीला धक्का बसू नये म्हणून गेडिस यांनी ही वार्ता त्यांच्यापासून लपविली आणि मनातील दुःख मनातच ठेवून ते शुश्रूषा करीत राहिले. जूनमध्ये कोलकात्यात ॲना गेल्या. ज्या दोघांच्या भरवशावर त्यांनी आपल्या पुढील कार्याची आखणी केली होती, ते दोघेही तीन महिन्यांच्या आत नाहीसे झाले. मागे उरलेले काम त्यांनी सोडले नाही.

तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या राजवटीत गेडिस इंदुरात आले तेव्हा शहर प्लेगने त्रस्त होते. शहराचा कारभारही एकहाती नव्हता. दरबार, नगरपालिका, रेल्वे, कापडगिरण्यांचे मालक आणि ब्रिटिश रेसिडेन्सीचा स्वतंत्र मुलूख, प्रत्येकाचा कारभार आपापल्या परीने चाले. नदी मात्र सर्वांच्या हद्दींतून वाहत होती आणि उंदीर कोणाचीच हद्द मानीत नव्हते. नकाशा हातात घेऊन फिरणारा हा पांढऱ्या दाढीचा साहेब पाहून लोक घाबरून दूर होत. साहेब आला की घरे पाडली जातात, हा त्यांचा अनुभव. प्लेग आणणारा साहेब हाच, अशी कुजबुजही त्यांच्या कानी आली. ही भीती गेल्याखेरीज कोणताही आराखडा व्यर्थ आहे, हे त्यांनी ओळखले.

दिवाळी जवळ आली होती. गेडिस यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली : एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार आपल्याला मिळावा. तो मिळाला. मग शहरात दवंडी पिटली गेली की यंदा मिरवणूक निघेल, मात्र तिचा मार्ग हिंदूंच्या परंपरेचा नसेल किंवा मुसलमानांच्याही नसेल. ज्या रस्त्यावर सर्वाधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून निघतील त्या रस्त्याने ती जाईल. घरातील केरकचरा नगरपालिका फुकट उचलून नेईल. मिरवणूक आपल्या दारावरून जावी, असे कोणाला वाटणार नाही? आळीआळीत चुरस लागली. वर्षानुवर्षे साठलेली अडगळ गाड्यांमागून गाड्या भरून बाहेर गेली, उंदीर पकडले गेले, भिंतींना चुना लागला.

मिरवणुकीत हत्ती, घोडे आणि दरबारी थाट होताच. त्यामागून बेसूर वाद्यांच्या संगतीत मोडक्या घरांचे देखावे, घाणीचा प्रचंड राक्षस आणि प्लेगचा महाकाय उंदीर आला. आणि मग जे आले ते इंदूरने पूर्वी पाहिले नव्हते. ज्यांच्या हातून शहर स्वच्छ होत होते ते झाडूवाले नवी पांढरी वस्त्रे लेवून, गळ्यात हार घालून, नवे झाडू खांद्यावर घेऊन मानाने चालत होते. त्यांच्या गाड्या धुऊनपुसून चकचकीत केल्या होत्या, बैलांची शिंगे रंगविली होती. त्यांच्याबरोबर शहराचे अधिकारी आणि खुद्द गेडिस चालत होते. त्यामागे इंदूर नगरीची देवता तिच्या नव्या आराखड्याच्या ध्वजासह विराजमान होती. भावी ग्रंथालय आणि इतर सार्वजनिक इमारतींच्या प्रतिकृती होत्या, कारागिरांचे जथे होते. शेवटच्या गाडीतून घरोघरी तुळशीची रोपे वाटली गेली. रात्री राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले.

या उत्सवाचे महत्त्व केवळ नाट्यात नाही. गेडिस यांनी लोकांना परक्या आरोग्यशास्त्राची व्याख्याने दिली नाहीत. दिवाळीची झाडलोट, रावणदहन आणि दारची तुळस या त्यांच्याच घरातील गोष्टींना त्यांनी नगराच्या कामाशी जोडले. दरबार, नगरपालिका, कारागीर, झाडूवाले आणि गृहिणी प्रथमच एका कामात एकत्र आल्या. १९१८ चा अहवाल याच पायावर उभा राहिला. खर्चिक गटारयोजनेऐवजी सांडपाणी व मैला बागांच्या खतासाठी वापरावा, नदीकाठ स्वच्छ करून लोकांसाठी खुले करावेत, कामगारांना चाळींऐवजी बागेसह लहान घरे मिळावीत, अशा सूचना त्यात आहेत.

त्यांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. झाडूवाल्यांना एका दिवसाचा मान मिळाला. त्यांच्यावर लादलेली अस्पृश्यता दुसऱ्या दिवशीही होतीच. लोकसहभागाचा हा प्रयोग संस्थानिकाच्या मर्जीवर उभा होता आणि लोकांनी निवडलेल्या सभेचे अधिष्ठान त्याला नव्हते. त्यांचे अहवाल लांबलचक आणि वळणावळणांचे असत, आणि व्याख्यानातील त्यांचे शब्द दाढीतच विरून जात, अशी श्रोत्यांची तक्रार असे. बहुतेक अहवाल कपाटांत पडून राहिले.

मुंबई विद्यापीठात त्यांनी १९२४ पर्यंत अध्यापन केले. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. तेच पुढे त्या विभागाचे प्रमुख आणि भारतीय समाजशास्त्राचे अध्वर्यू झाले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र गेडिस यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि धाकटा मुलगा आर्थर याने श्रीनिकेतनात काम केले. जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठाची आखणी त्यांनी केली, तर १९२५ मध्ये तेल अवीवचा आराखडा केला. तो मात्र बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आला. अखेरची वर्षे त्यांनी दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे स्वतः उभारलेल्या महाविद्यालयात घालविली. एकदा नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी भारतीय राज्यघटनेत ७३ वी व ७४ वी दुरुस्ती झाली. ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले, आणि पंचायती व पालिकांचे आराखडे एकत्र आणण्यासाठी जिल्हा नियोजन समितीची तरतूद झाली. गेडिस यांना ज्यासाठी महाराजांचा एक दिवस मागून घ्यावा लागला, तो अधिकार आता कायद्याने लोकांचा आहे. गोव्याने तो बजावूनही पाहिला आहे. जनआंदोलनानंतर २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ रद्द झाला. त्यानंतर चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखालील कृतिदलाने केलेल्या २०२१ च्या आराखड्याचा मसुदा गावागावांतील ग्रामसभांपुढे गेला. २०१२ मध्ये तोही स्थगित झाला आणि जमिनीच्या वापराचा वाद आजतागायत धुमसतो आहे.

खुद्द इंदूर २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले आले. त्याचे श्रेय गेडिस यांना देण्याचे कारण नाही; ते आजच्या नागरिकांचे आणि सफाई कामगारांचे आहे. पण शहर आपले आहे असे घराघराला वाटल्याखेरीज कोणतीही योजना तग धरत नाही, हे त्या शहराने दोनदा दाखविले. डोंगर, खाजन, शेत आणि किनारा एकाच खोऱ्यात नांदणाऱ्या आपल्या या लहान राज्यात नगरनियोजन खाते, पालिका, पंचायत आणि कोमुनिदाद यांनी पुढच्या ५० वर्षांचा विचार एकत्र बसून करावयाचा असेल, तर आरंभ कोठून करावा हे गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. आधी गाव पायी फिरावे, तेथे राहणाऱ्यांना बरोबर घ्यावे आणि मगच नकाशा उघडावा.